पाप, मरण आणि तारण : नीळकंठशास्त्री गोरे यांचा एक प्रश्न

आमच्या समाजात ख्रिस्ती धर्माचा विषय निघाला की बोलणे हमखास गोमंतकाकडे वळते. कुशस्थळीचा मंगेश १५६० मध्ये नदीपलीकडे प्रियोळास कसा नेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास कशी पोहोचली, आणि त्यापाठोपाठ धर्मन्यायासनाचा वरवंटा कसा फिरला, ही हकीकत आम्ही आजीच्या मांडीवर ऐकलेली असते. ती विसरावी असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्या दुःखद स्मृतीमुळे एक गोष्ट मात्र राहून गेली आहे. हा धर्म पाप कशास म्हणतो, मरणाचा अर्थ काय करतो आणि तारण कोणते मानतो, हे शांतपणे विचारून पाहावे असे आमच्यापैकी फारच थोड्यांस वाटले. देवळाच्या सभामंडपात बसून ज्या कोकणी बोलीत आम्ही बोलतो, तीच बोलणारा आमचा ख्रिस्ती शेजारी पापाला 'पातक' म्हणतो आणि नरकाला 'यमकोंड' म्हणतो. धर्म बदलला तरी यमधर्म काही त्याच्या बोलीतून गेला नाही. मग शब्द तेच असता अर्थ कोठे बदलला?

या प्रश्नाचा माग काढीत गेले असता आम्हांस गोव्यात नव्हे, तर माळव्यात यावे लागले. इंदूरच्या जुन्या रेसिडेन्सीच्या बाजूस 'व्हाइट चर्च' म्हणून सर्वांस ठाऊक असलेले पांढरे प्रार्थनामंदिर आहे. त्याच्यावरून शेकडो वेळा जाणाऱ्या इंदूरकर मराठी माणसास हे क्वचितच माहीत असते की, पाप आणि मोक्ष यांविषयी हिंदू व ख्रिस्ती यांच्यात जो पहिला मोठा शास्त्रीय वाद संस्कृतात झाला, त्याचा एक धागा इंदूर-भोपाळ रस्त्यावरील सीहोर गावातून निघतो आणि दुसरा इंदूर शहरात येऊन पोहोचतो. तेथे तलवार नव्हती, धर्मन्यायासन नव्हते. होती ती शाई आणि दौत.

सीहोरास भोपाळचा ब्रिटिश पोलिटिकल एजंट लॅन्सलॉट विल्किन्सन राहत असे. हा मनुष्य संस्कृत ज्योतिषाचा मोठा चाहता. त्याने तेथे पाठशाळा चालविली आणि भास्कराचार्यांच्या सिद्धान्तांच्या आधारे भूगोल-खगोल शिकविण्याचा उपक्रम केला. पुढे काशीस नावारूपास आलेले बापूदेवशास्त्री याच पाठशाळेचे विद्यार्थी. तेथील पंडितांत सुबाजी बापू हे प्रमुख होते. भास्कराचार्यांचे ज्योतिष त्यांनी मराठीत समजावून सांगितले आहे. पृथ्वी गोल आहे हे पुराणिकांस पटवून देण्याचे धाडस ज्याने केले, तो पंडित पाद्र्यांच्या युक्तिवादानेही गडबडणारा नव्हता.

१८३९ मध्ये जॉन म्यूर या स्कॉटिश मुलकी अधिकाऱ्याने 'मतपरीक्षा' नावाचे संस्कृत पद्यमय पुस्तक प्रसिद्ध केले. गुरुशिष्यांच्या संवादातून खरे शास्त्र कोणते याची कसोटी लावावी आणि ती कसोटी बायबललाच उतरते असे दाखवावे, अशी त्याची योजना होती. अनुष्टुभात ख्रिस्ती मत ऐकण्याचा प्रसंग आमच्या पंडितांवर तोपर्यंत क्वचितच आला होता. त्यावर तीन उत्तरे निघाली आणि तिन्ही संस्कृतात. पहिले त्याच वर्षी 'सोमनाथ' या नावाने आले. हा सोमनाथ म्हणजे सीहोरचे सुबाजी बापूच, असे अभ्यासकांचे मत आहे. दुसरे बंगालच्या हरचंद्र तर्कपंचाननांचे. त्याचा सूर फार कडक होता. सोमनाथाचे उत्तर मात्र सौम्य. ईश्वर एक आहे, ज्याचा जसा अधिकार तसा त्याचा मार्ग, तेव्हा दुसऱ्याचा मार्ग मोडून त्यास आपल्या मार्गावर ओढण्याचे कारण काय, असा त्याचा आशय आहे. देवळात वाढलेल्या कोणाही माणसास हे बोलणे आपलेसे वाटेल. आम्हांसही वाटते. परंतु खरे सांगावयाचे तर या उत्तराने म्यूरच्या प्रश्नास बगल दिली. म्यूर विचारीत होता की पापातून माणूस सुटतो कसा. सोमनाथ सांगत होता की वाटा पुष्कळ आहेत.

तिसरे उत्तर काशीहून आले, आणि त्याने प्रश्न अंगावर घेतला. नीळकंठशास्त्री गोरे यांचे घराणे कोकणस्थ, जन्म बुंदेलखंडातील, १८२५ चा, शिक्षण काशीचे. 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा त्यांचा ग्रंथ १८४४-४५ मधला, म्हणजे तेव्हा त्यांचे वय अवघे एकोणीस-वीस वर्षांचे.

त्यांचे आक्षेप समजण्यासाठी प्रथम ख्रिस्ती मत सरळपणे मांडले पाहिजे. व्यंगचित्र काढून त्यावर हसण्यात पुरुषार्थ नाही. आमच्याकडे पाप म्हणजे कर्म. ते केले, त्याचे फळ भोगले, की ते सरते. भोगाने नाही सरले तर प्रायश्चित्ताने, तीर्थाने, नामाने सरते. त्याचा हिशेब मोठा असेल, अनेक जन्मांचा असेल, पण हिशेब आहे. ख्रिस्ती मतात एकेक पापकर्म असतेच, परंतु त्याच्या मुळाशी पाप ही एक स्थिती आहे. ईश्वराने माणसास आपल्या सहवासासाठी निर्माण केले आणि माणसाने आज्ञा मोडून त्या सहवासाकडे पाठ फिरविली. पहिल्या मानवाचे हे पाठ फिरविणे सर्व वंशात उतरले. हे मत पौलाने रोमच्या मंडळीस लिहिलेल्या पत्राच्या आधारावर उभे आहे आणि इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टिनने त्यास पक्के रूप दिले. घरातून रुसून गेलेल्या मुलाने रस्त्यात किती अपराध केले हा एक प्रश्न, आणि तो घरात नाही हा दुसरा. ख्रिस्ती मताचा भर या दुसऱ्यावर आहे.

मरणाचेही तसेच. आम्हांस मरण म्हणजे जीर्ण वस्त्र टाकणे. ते अनेकवार येते आणि त्यात अस्वाभाविक असे काही नाही. ख्रिस्ती मतात माणसाचे मरण हा मूळ योजनेतील भाग नव्हे, तो त्या दुराव्याचा परिणाम आहे. ते एकदाच येते आणि त्यानंतर न्याय. आत्मा देहातून सुटला म्हणजे मुक्त झाला असेही ते म्हणत नाहीत. अखेरीस देहासह पुनरुत्थान व्हावयाचे आहे. ख्रिस्ती लोकांत दीर्घकाळ दहनाऐवजी दफनाचाच आग्रह का राहिला, याचे एक कारण येथे सापडते. आमच्या दृष्टीने देह परत मिळणे हीच आपत्ती, त्यांच्या दृष्टीने तीच आशा!

आणि तारण? हा शब्दच पाहण्यासारखा आहे. मराठी ख्रिस्ती मंडळींनी मुक्तीसाठी 'तारण' हा शब्द रूढ केला. त्यात भवसागर तरून नेण्याची आपली जुनी कल्पना आहे. काशीत मरणाऱ्याच्या कानात विश्वनाथ जो मंत्र सांगतो तो 'तारक' मंत्र, त्याच धातूचा. परंतु बाजारात गेलेल्या मराठी माणसास 'तारण' म्हटले की गहाणखत आठवते. कर्जापोटी ठेवलेली वस्तू म्हणजे तारण. हा योगायोग असेल, पण विलक्षण अर्थपूर्ण आहे. कारण ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील मरणाचा अर्थ सांगताना त्यांच्या शास्त्रात ऋणाची आणि सोडवणुकीची भाषा वारंवार येते. माणूस पापाच्या गहाणात पडला. स्वतःस सोडविण्याची ऐपत त्याच्यापाशी नाही. ईश्वर स्वतः मनुष्य होऊन ती किंमत भरतो. मराठी बायबलात त्या किमतीला 'खंडणी' असा शब्द आहे. होळकरांच्या इंदुरात खंडणी म्हणजे काय हे कोणास शिकवावे लागत नसे. मात्र तेथे खंडणी घेणारा सरदार असतो, येथे ती भरणारा राजाच आहे. गोव्यातील ख्रिस्ती लोक तारणाऱ्यास 'सोडवणदार' म्हणतात, तोही शब्द याच जातीचा. १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेल्या ख्रिस्तपुराणात फादर स्टीफन्सने तर स्वर्गासाठी बेधडक 'वैकुंठ' शब्द वापरला. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या त्या ग्रंथात आमच्या पुराणिकाचीच धाटणी आहे, फक्त त्या वैकुंठास जाण्याचे दार एकच आहे.

त्या एका दारावरच वीस वर्षांच्या नीळकंठशास्त्र्यांनी बोट ठेवले. त्यांच्या आक्षेपांचा आशय आम्ही आमच्या शब्दांत देतो. ईश्वराने जीव शून्यातून नव्याने निर्माण केला आणि पूर्वजन्म नाही, तर एक आंधळा जन्मतो व दुसरा राजवाड्यात जन्मतो, याचा दोष कोणाकडे? आमचे शास्त्र तो भार जीवाच्या कर्मावर ठेवते. तुम्ही तो थेट ईश्वराच्या माथी मारता. माणूस पाप करील हे ईश्वरास आधीच ठाऊक होते, तर तशी बुद्धी देऊन त्यास निर्माण का केले? तान्हे मूल मरते, पशू वेदना भोगतात, त्यांनी कोणते पाप केले? ज्या देशात ख्रिस्ताचे नावही पोहोचले नाही, तेथील माणसे कोणत्या अपराधासाठी दंडास पात्र? आणि शेवटचा, सर्वांत तीक्ष्ण प्रश्न : साठ-सत्तर वर्षांच्या आयुष्यात माणूस करून करून किती पाप करणार? त्या मोजक्या पापासाठी कधीही न संपणारा नरक, हा न्याय कोणता? आमच्या नरकांची वर्णने भयंकर असतील, परंतु त्यांतून जीव बाहेर पडतो. पाप संपते, पुन्हा संधी मिळते.

या प्रश्नांस ख्रिस्ती आचार्यांची उत्तरे नाहीत असे नव्हे. ते म्हणतात की प्रेम जुलमाने होत नाही, म्हणून नाकारण्याचे स्वातंत्र्य दिल्यावाचून प्रेमाची शक्यताच नव्हती. आणि नरक म्हणजे बाहेरून लादलेला दंड नसून माणसाने अखेरपर्यंत धरून ठेवलेला नकार आहे. रोमन पंथीयांनी सर्वच मेलेल्यांस लगेच स्वर्ग वा नरक असे न मानता शुद्धीची एक मधली अवस्था मानली. गोव्यात नोव्हेंबरात मृतांसाठी होणाऱ्या प्रार्थना तिच्याशी निगडित आहेत. आमच्या पितृपक्षाची ज्यांस त्यावरून आठवण होते ते अगदीच चुकत नाहीत, मात्र तेथे पिंड नाही, मागणे आहे. प्रॉटेस्टंटांस ही मधली अवस्था मान्य नाही. ही उत्तरे विचारार्ह आहेत; पण शेवटच्या प्रश्नाची धार त्यांनी पुरती बोथट होते असे आम्हांस वाटत नाही.

पुढे जे घडले ते मात्र कोणाही वाचकास चकित करील. काशीतील विल्यम स्मिथ या मिशनऱ्यास निरुत्तर करावे म्हणून नीळकंठशास्त्री त्याच्याकडे जाऊ लागले. वाद करता करता स्वतःच डळमळू लागले, आणि १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नाव नेहेम्या झाले. ज्या घरात शास्त्री होते, त्या घरावर काय प्रसंग गुदरला असेल याची कल्पना करणे कठीण नाही. पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे आली. १८५३ मध्ये मुलगी झाली आणि थोड्याच महिन्यांत आई निवर्तली. ती मुलगी परक्यांच्या हाती वाढली व पुढे इंग्रजीत भक्तिगीते लिहिणारी एलन लक्ष्मी गोरे म्हणून ओळखली गेली. वडिलांस मुलीचा सहवास कितीसा लाभला असेल! मतांतराच्या हकिकती लिहिणारे दोन्ही बाजूंचे लोक या रकान्यात सहसा काही भरीत नाहीत.

शास्त्र्यांचा तर्क मात्र बाप्तिस्म्याने थांबला नाही, त्याने केवळ दिशा बदलली. १८६० मध्ये त्यांनी हिंदीत 'षड्दर्शनदर्पण' लिहिले. फिट्झएडवर्ड हॉलने १८६२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर केले. कर्म अनादि म्हटल्याने विषमतेचा प्रश्न सुटत नाही, तो केवळ मागे ढकलला जातो. नैयायिकांच्या मुक्तीत जीवास सुखही नाही नि ज्ञानही नाही, मग ती मिळवून काय करावयाचे, असे त्यांचे उलट आक्षेप आहेत. हे आक्षेप आमच्या आचार्यांस अपरिचित नव्हते. वैष्णव आचार्यांनी त्यांतील कित्येक पूर्वीच घेतले होते. परंतु ते घेणारा माणूस आतून दर्शने जाणणारा होता, त्यामुळे त्या ग्रंथास आजही टाळता येत नाही.

आणि तो जुना तीक्ष्ण प्रश्न? तो त्यांच्या मागे राहिलाच. १८६८ मध्ये, त्याच प्रश्नावर, शाश्वत नरकदंडाच्या मतावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांस उत्तर म्हणून त्यांनी कलकत्त्यास एक इंग्रजी पुस्तिका प्रसिद्ध केली. ज्या तोफेचा मारा विशीत त्यांनी केला होता, त्याच तोफेसमोर त्रेचाळिसाव्या वर्षी ते उभे राहिले. आयुष्यभर शंकांनी त्यांस छळले, हे त्यांच्या चरित्रकारांनी लपविलेले नाही. ज्याने आक्षेप स्वतः रचले असतात, त्यास ते दुसऱ्याच्या उत्तराने कसे विसरता येणार?

इंदूरचा संबंध येथे येतो. इंग्लंडात ऑक्सफर्डजवळ काउली येथे १८६६ मध्ये ब्रह्मचर्य, दारिद्र्य व आज्ञापालन यांची शपथ घेणारा संत योहानाचा एक संघ स्थापन झाला. आरंभीच्या तीन सदस्यांपैकी सिमिअन विल्बरफोर्स ओनील हे १८७४ मध्ये हिंदुस्थानात आले आणि पुढे इंदुरास राहिले. त्यांची राहणी साहेबाची नव्हती, बैराग्याची होती. नीळकंठशास्त्रीही काही काळ येथे त्यांच्या सहवासात होते. १८७६ मध्ये त्यांनी त्या संघात उमेदवार म्हणून प्रवेश केला. पण पूर्ण दीक्षा अखेरपर्यंत घेतली नाही. होळकरांच्या राजधानीत, जेथे अहिल्याबाईंचे नाव घेतल्यावाचून दिवस उगवत नाही, तेथे एक इंग्रज संन्यासी आणि एक काशीचा शास्त्री ख्रिस्ताचे चिंतन करीत बसत, हे चित्र आम्हांस फार दिवस सोडीत नाही. ओनील १८८२ मध्ये इंदुरातच पटकीने वारले. मरण हा त्यांच्या धर्मातील मोठा शब्द. त्यास ते परक्या गावात, उपासतापासाने झिजलेल्या देहानिशी सामोरे गेले. मताचा न पटणारा भाग बाजूस ठेवून एवढे नमस्कारास पात्र आहे.

त्याच काळात इंदुरास दुसरीही एक मंडळी आली. १८७७ मध्ये कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन चर्चचे मिशन येथे सुरू झाले. त्यांनीच १८८७ मध्ये पुढे 'इंदूर ख्रिश्चन कॉलेज' म्हणून प्रसिद्धीस आलेली संस्था काढली. रेसिडेन्सीच्या हद्दीत इंग्रजांचा अंमल, शहरात दरबारचा. त्यामुळे शहरातील रस्त्यांवर प्रवचने करण्यावरून तुकोजीराव होळकरांच्या दरबाराशी त्यांचे बरेच खटके उडाले. या मंडळींची परंपरा कॅल्व्हिनची. तारण कोणास मिळावयाचे हे ईश्वराने अनादिकाळीच ठरविले आहे, असे त्या परंपरेचे जुने मत. नीळकंठशास्त्र्यांचा प्रश्न या मतासमोर ठेवला तर तो दुप्पट धारदार होतो. मात्र कॉलेजच्या वर्गांत बसलेल्या इंदूरकर तरुणांनी गणित व इंग्रजी घेतले आणि हा भाग बहुतेक वर्गातच ठेवला.

काउलीच्याच संघाचा पुण्यातील पंचहौद मिशनशी निकटचा संबंध होता, आणि पंचहौद म्हटले की मराठी माणसास चहा आठवतो. १८९० मध्ये त्या मिशनात व्याख्यानानंतर पुढे आलेल्या चहाबिस्किटांमुळे न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदिकरून बड्या मंडळींवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला. चहाचे पाप आणि त्याचे प्रायश्चित्त यांवर पुण्यात दोन वर्षे खल चालला असता, त्याच मिशनमध्ये वावरलेला एक वृद्ध शास्त्री, पाप प्रायश्चित्ताने जात नाही अशी आपली खात्री पटवून देण्यात आयुष्य वेचीत होता. आम्हांस हसू येते आणि लगेच ते ओसरते. आमच्या प्रायश्चित्ताचे त्या वेळी जे झाले होते, ते पाहिल्यावर नीळकंठशास्त्र्यांच्या मनातील ओढीचा थोडासा उलगडा होतो. पाप म्हणजे काय या प्रश्नास आम्ही पंक्तीच्या आकाराचे करून ठेवले होते. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, त्यामागेही नीळकंठशास्त्र्यांच्या लेखनाचा मोठा वाटा होता. २९ ऑक्टोबर १८९५ रोजी ते मुंबईस वारले. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत, त्याच शहरात, नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला होता.

नाव न ऐकताच मेलेल्यांचे काय, या आक्षेपाचे पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने असे जाहीर केले की, स्वतःच्या दोषावाचून ज्यांस ख्रिस्ताची वार्ता कळली नाही, परंतु जे मनःपूर्वक ईश्वरास शोधतात आणि विवेकाप्रमाणे वागतात, त्यांसही तारण मिळू शकते. बाप्तिस्म्यावाचून मेलेल्या तान्ह्या मुलांसाठी एक वेगळे, सुखदुःखविरहित स्थान कल्पिण्याची जुनी पद्धत होती. २००७ मध्ये रोमच्या धर्मशास्त्रज्ञांच्या मंडळाने, त्या मुलांच्या तारणाची आशा धरण्यास सबळ आधार आहे असा निर्वाळा दिला. हे सर्व रोमन पंथाचे; इतर पंथांत आजही मतभेद आहेत. ही पावले त्या धर्माने आपल्याच ग्रंथांच्या चिंतनातून टाकली, काशीच्या तरुणाच्या श्लोकांमुळे नव्हे. तरीही त्या श्लोकांतील एक प्रश्न एकशेवीस वर्षांनी रोमच्या परिषदेत उभा राहिला, याची नोंद आमच्या इतिहासात असावी.

खुद्द तो ग्रंथ मात्र फार काळ हस्तलिखितातच पडून होता. त्याच्या कर्त्यास तर तो पुढे नकोसाच झाला असावा. ज्या मताचे खंडन त्यात होते, त्याच मतासाठी तो जगला आणि मेला. अखेर १९५१ मध्ये स. ल. कात्रे यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' संपादित केला आणि तो छापून प्रसिद्ध झाला उज्जयिनीच्या सिंदिया प्राच्य संशोधन संस्थेतून, जेथे नीळकंठशास्त्री ओनीलसाहेबांच्या सोबतीस राहिले होते त्या इंदुरापासून अवघ्या पंचावन्न किलोमीटरांवर.